पहिल्या भेटीला देऊ नये

लोक जिना चढून वर येतात तेव्हा त्यांना वाटतं, आपल्याला एखादा छानसा खेळ हवाय. निवडताईला मात्र ठाऊक असतं की त्यांना खरं तर दोन तास भांडणाशिवाय घालवायचे आहेत. म्हणून ती आधी कपाटाकडे बघतच नाही. ती तीन प्रश्न विचारते. किती जण? किती वेळ? आणि हरल्यावर रुसतं कोण?

तिसऱ्या प्रश्नावर माणसं आधी हसतात. मग मागे वळून बघतात, आवाज खाली आणतात आणि एक नाव सांगतात. बऱ्याचदा ते नाव सोबत आलेल्या माणसाचंच असतं, आणि तो पलीकडे निवांत खोकी चाळत असतो.

हे खेळांचं वाचनालय एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. खालच्या वाफेनं थंडीतही फरशी कोमट असते, ही त्यातली चैन. भिंतीला लागून छतापर्यंत सहाशेच्या वर खोकी आहेत. मालक पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आणि पंधरा वर्षं तांदळातले खडे निवडावेत तशा चिकाटीनं लोकांना खेळ निवडून देणारी ती निवडताई. हे नाव कुणा सभासदानं गमतीत ठेवलं आणि ते चिकटलं. आता तिच्या खऱ्या नावानं हाक मारली तर तिलाच क्षणभर कळत नाही.

तिचा हात मोठा अचूक. एक दातांची डॉक्टरीण आली होती, दवाखान्यातल्या अकरा जणांच्या संमेलनासाठी. निवडताईनं तिला चित्र काढून ओळखायचा खेळ दिला आणि बजावलं, "तुमच्या जोडीला सफाईवाले काका घ्या. रिसेप्शनिस्टला घेऊ नका, ती तुम्हाला मुद्दाम जिंकू देईल." वर्षातून एकदा भेटणाऱ्या चार बहिणी येतात, त्यांना ती आठवणींवरचा कुठलाही खेळ देत नाही, कारण कुणाला खरं आठवतंय यावरून दोघी हमखास हातघाईवर येतात. इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी तर तिनं महिनाभर डोकं लढवलं होतं. सोंगट्या धुता आल्या पाहिजेत, गादीत हरवायला नकोत, आणि नर्स इंजेक्शन घेऊन आली की डाव मध्येच थांबवून नंतर तिथूनच पुढे खेळता आला पाहिजे. तसा एकच खेळ निघाला आणि तो त्या वॉर्डातून अजून परत आलेला नाही. मास्तरांनीही मागितला नाही.

प्रत्येक खोक्याच्या झाकणात आतून एक कार्ड खोचलेलं असतं. त्यावर तो खेळ कुणाला दिला, काय झालं, याची शेरेबाजी. सगळी निवडताईच्या अक्षरात, कारण मास्तरांचं अक्षर चित्रकाराचं असूनही वाचता येत नाही. 'आजोबा असतील तर वाळूचं घड्याळ देऊ नये, ते त्यालाच बघत बसतात.' 'सहा जणांचा म्हणतात, पण चारच्या वर जांभया.' खोकं बाहेर गेलं की कार्ड काढून टेबलाच्या खणात ठेवायचं, परत आलं की झाकणात. त्यामुळे सभासदांच्या नजरेला ते कधी पडत नाही आणि निवडताईला मोकळेपणानं लिहिता येतं. कधी कधी जरा जास्तच मोकळेपणानं.

'बंद पोती' नावाच्या खेळाचं कार्ड असं होतं: 'पहिल्या भेटीला देऊ नये. नव्या ओळखीत हमखास बिनसतं. दोनदा दिला, दोन्ही वेळा मंडळी चहा न घेता उठली. नातं मोडायचं असेल तर उत्तम.' शेवटचं वाक्य वाचून मास्तर खो खो हसले होते, म्हणून ते तसंच राहिलं.

आता त्या गुरुवारचं सांगायला हवं.

निवडताई आईबरोबर राहते, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. आई एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. एकसष्ट वय, पण एका वेळी चाळीस पदर कापताना हात हलत नाही. घरातलं जेवणाचं टेबलही तिचं जुनं बेतायचं टेबलच, लांबलचक, एका कडेला मापाची पट्टी ठोकलेली. त्याच टेबलाशी आई लेकीला एक टोक धरायला लावून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "अगं, ते चष्म्याच्या दुकानातले आहेत ना, ते मला लग्नाचं विचारतायत."

निवडताईच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

"चष्मेवाले?"

"हो. दोन वर्षं झाली ओळखीला."

"दोन वर्षांत तीन चष्मे केलेस, तेव्हाच मला कळायला हवं होतं," निवडताई म्हणाली. गंमत करायची म्हणून बोलली, पण आवाज काही गमतीचा निघाला नाही.

आई हसली नाही. तिनं सुटलेलं टोक उचलून लेकीच्या हातात दिलं. "बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी काही घाईत नाहीये. पण तुला पटलं नाही तर तसं सांग. तू नाही म्हणालीस तर विषय संपला, मी परत काढणार नाही. फक्त आधी एकदा भेट त्यांना. रविवारी दुपारी येतील, मुलाला घेऊन. तू एखादा खेळ आण, म्हणजे नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायला नको."

"मी कशाला नाही म्हणू?" निवडताई म्हणाली.

म्हणजे हो नव्हे, हे आईला कळलं. तिनं चादर कपाटात ठेवली आणि दार जरा जास्तच हळू लावलं.

खरं सांगायचं तर निवडताईला हे लग्न नको होतं. अजिबात नको होतं. अडतीस वर्षांची बाई, स्वतःचं कमावणारी, पण संध्याकाळी कुलपाला किल्ली लावायच्या आधीच आतून आईचा खाकरण्याचा आवाज येतो, तो यायचा बंद होईल हा विचार तिला सोसेना. हे ती कुणाला सांगणार? नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि हो म्हणायला मन नव्हतं. आईचं सुख ओरबाडून घेणारी मुलगी व्हायचं नव्हतं तिला. कुणीतरी दुसऱ्यानं हे मोडलं तर बरं, असं तिला मनातून वाटत होतं. मग वाईट कुणीच ठरणार नाही.

आणखी एक गोष्ट होती, तीही खोटी नव्हती. बाबा. बाबा माणूस म्हणून वाईट नव्हते, पण हरणं त्यांना सोसायचं नाही. निवडताई नऊ वर्षांची असताना त्यांनी एकदा मांडलेला डावच्या डाव टेबलावरून उधळला होता. पिवळी सोंगटी कपाटाखाली गेली ती गेलीच. तेव्हापासून लांबलचक खेळ लपवून ठेवायचे, नशिबाचे खेळ पुढे करायचे, आणि बाबा थकून आले असतील तर काहीच काढायचं नाही, हे त्या पोरीला कुणी न शिकवता येऊ लागलं. निवडताईचं सगळं शिक्षण तिथलं. आईला मात्र खेळता येतच नसे. ती दर वेळी हरायची, हसायची आणि चहा टाकायला उठायची.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, मास्तर बेसिनवर कप विसळत असताना, निवडताई कपाटासमोर उभी राहिली. काय द्यायचं ते तिला डोळे मिटून माहीत होतं. चार जण, तासभर, पहिली भेट: 'दीपस्तंभ'. सगळ्यांनी मिळून वादळातली जहाजं किनाऱ्याला लावायची, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. परक्यांना त्यात एकमेकांची मदत मागावी लागते आणि ओळख आपोआप होते. तिनं ते खोकं काढलंही होतं.

मग तिनं ते परत ठेवलं आणि खालच्या फळीवरचं 'बंद पोती' उचललं.

बघू तरी तो चष्मेवाला हरल्यावर कसा वागतो, असं तिनं स्वतःला समजावलं. वहीत नोंद केली नाही. नोंद केली असती तर मास्तरांनी विचारलं असतं, कुणासाठी? आणि त्यांना तो खेळ पक्का माहीत होता. तिनं खोकं पिशवीत टाकलं, "येते हं मास्तर" म्हणाली आणि काढता पाय घेतला. पंधरा वर्षांत न नोंदवता बाहेर गेलेलं हे पहिलंच खोकं. नोंदच नाही म्हटल्यावर टेबलाचा खण उघडायचंही कारण नव्हतं, आणि कार्ड काढायचं ती साफ विसरली.

रविवारी बरोबर तीन वाजता बेल वाजली. चष्मेवाले काका किडकिडीत, पँटची इस्त्री कडक, हातात केकचं खोकं. माणसाच्या डोळ्यांत बघायच्या आधी त्यांची नजर चष्म्यावर जाते, ही धंद्याची खोड. आत येता येताच ते आईला म्हणाले, "डावीकडची दांडी सैल झालीय तुमची." आई लाजली. निवडताईनं आईला लाजताना आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते तिला बघवेना.

मुलगा मागून आला, धापा टाकत. तो लिफ्ट दुरुस्त करतो. चांगला धिप्पाड गडी, नखं बारीक कापलेली.

"लिफ्ट बंद आहे का?" आईनं विचारलं.

"चालू आहे काकू. पण सुट्टीच्या दिवशी मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. आवाज ऐकला की पाना काढावासा वाटतो."

सगळे हसले. बरा निघाला हा, असं निवडताईला वाटलं आणि तिला स्वतःचाच राग आला. सूप झालं, पाव झाला, हवा-पाण्याच्या गप्पा झाल्या. त्या संपल्यावर चौघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा आई म्हणाली, "चला, टेबल मोकळं करा. माझी लेक खेळ निवडण्यात हुशार आहे. लोक लांबून येतात तिच्याकडे."

निवडताईनं खोकं आणून ठेवलं. आईनं चष्मा सारखा केला आणि झाकण उघडलं.

"अरे वा," ती म्हणाली, "हे बघा, माझ्या लेकीचं अक्षर. कसं मोत्यासारखं आहे. प्रत्येक खेळाबद्दल लिहून ठेवते ती. थांबा, वाचते."

निवडताईनं हात पुढे केला. "आई, ते राहू दे—"

पण आई अभिमानानं, मोठ्यानं वाचायला लागली होती. "पहिल्या भेटीला देऊ नये. नव्या ओळखीत हमखास बिनसतं. दोनदा दिला, दोन्ही वेळा मंडळी चहा न घेता उठली. नातं मोडायचं असेल..."

तिथं ती थांबली. शेवटचे शब्द तिनं मनातच वाचले असावेत. कार्ड हातात तसंच राहिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

निवडताई टेबलाच्या कडेच्या पट्टीवरचे आकडे बघत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या बैठकी सांभाळणारी बाई स्वतःच्या घरात अशी तोंडघशी पडली होती आणि मान वर करायची सोय नव्हती. शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

"मीच सांगितलं होतं तिला," आई म्हणाली.

निवडताईनं मान वर केली. आईनं कार्डाची व्यवस्थित घडी करून ते केकच्या बशीखाली सरकवलं होतं.

"तुम्ही?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"हो. दोन वर्षं तुम्ही माझ्याशी नुसतं गोड गोड बोलताय. माणूस कधीतरी चिडेल की नाही? म्हटलं, बघून घेऊ आधीच. तिला म्हटलं, तुझ्याकडचा सगळ्यात वाईट खेळ आण." पापणीसुद्धा न लववता ती हे बोलली. "घाबरलात का?"

चष्मेवाल्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. त्यांच्या मुलानंही पाहिलं. दोघांना काय ते कळलं होतं, हे निवडताईला स्वच्छ दिसलं. "घाबरलो तर खरा," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण शिकवा तरी कसा खेळायचा ते."

मग निवडताईला तो शिकवावा लागला, आणि मान खाली घालून नियम समजावून देणं किती अवघड असतं ते तिला कळलं. प्रत्येकाकडे लाकडी तुकडे: गहू, मीठ, लोकर, आणि काही नुसते खडे. पाळी आली की त्यातला एक गुपचूप पत्र्याच्या डबीत घालायचा, डबी कुणासमोर तरी ठेवायची आणि आत काय आहे ते सांगायचं. खरं सांगा, खोटं सांगा, तुमची मर्जी. समोरच्यानं डबी न उघडता घेतली तर आत असेल ते त्याच्या गळ्यात. उघडली आणि माल खरा निघाला, तर विश्वास न ठेवल्याचा दंड. खोटा निघाला, तर देणाऱ्याला दंड. शेवटी ज्याच्याकडे माल जास्त आणि खडे कमी, तो जिंकला. ऐकायला साधा, पण डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलायचं असतं, आणि तेच माणसांना झोंबतं.

पहिल्या फेरीत आईनं डबी चष्मेवाल्यांसमोर ठेवली. "मीठ आहे," ती म्हणाली.

"तुम्ही सांगताय म्हणजे मीठच," ते म्हणाले आणि त्यांनी डबी घेतली. आत खडा निघाला.

दुसऱ्या फेरीत ती पुन्हा म्हणाली, "मीठ आहे." त्यांनी या वेळी शहाणपणा करून डबी उघडली. आत मीठ होतं. दंड. तिसऱ्या फेरीत तिनं नुसतीच डबी ठेवली, गालावर हात टेकला आणि म्हणाली, "आता काय सांगू तुम्हाला?" त्यांनी डोकं खाजवलं, मुलाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि न उघडता घेतली. खडा.

मग मात्र चष्मेवाले हसायला लागले. चष्मा काढून, डोळे पुसत, टेबलावर थाप मारत हसायला लागले. "अहो, तुम्ही तर दरोडेखोर आहात!"

"तुम्हीच लुटून घेताय, त्याला मी काय करू," आई म्हणाली.

निवडताई बघतच राहिली. तिच्यासमोर बसलेली ही बाई तिच्या ओळखीचीच नव्हती. तिला सगळ्यांचे तुकडे पाठ होते. कुणी डबीवर अंगठा जास्त वेळ ठेवला, कुणी मालाचं नाव सांगताना आवंढा गिळला, सगळं तिच्या नजरेत होतं. लिफ्टवाल्या मुलानं लागोपाठ चार वेळा तिच्यासमोर डबी ठेवली आणि चारही वेळा तिनं त्याला चीत केलं. तो बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "काकू, मी तुमच्या बाजूनं खेळलो तर चालेल का?"

पाचव्या फेरीत तिनं डबी लेकीसमोर ठेवली. "लोकर आहे ग. तुझ्याकडे एकही नाही ना? घे."

निवडताईकडे खरंच एकही लोकर नव्हती. तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं रोजचीच माया होती, जेवलीस का विचारताना असते तीच. तिनं डबी न उघडता घेतली.

आत खडा होता.

तिला हसू आलं नाही. गाल तापले, डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं, आणि तो लाकडाचा तुकडा भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. चष्मेवाले त्यांच्या चार खड्यांचा मनोरा रचत मजेत बसले होते. मुलानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, रुसलात का?"

हा प्रश्न पंधरा वर्षं तिचा होता. चार जणांचा विचार करताना तिनं चष्मेवाल्यांना मोजलं होतं, त्यांच्या मुलाला मोजलं होतं, मेलेल्या बापालासुद्धा मोजलं होतं. स्वतःला मोजायचं राहून गेलं होतं. "छे," ती म्हणाली, "घसा बसलाय जरा."

आई जिंकली. दुसऱ्या नंबराच्या दुप्पट माल तिच्यापुढे होता. चष्मेवाले शेवटचे आले आणि पुन्हा खेळू या म्हणून हटून बसले. दुसऱ्या डावातही त्यांचंच पानिपत झालं, आणि मग चहा झाला, केक कापला गेला, आणि पाचच्या सुमाराला पाहुणे उठले.

दाराशी चपला घालताना चष्मेवाले निवडताईला म्हणाले, "ताई, एक सांगू का? त्या कार्डावर तिसरी वेळ लिहून टाका. मंडळी चहा घेऊन गेली म्हणावं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

दार लागलं. आईनं बशा गोळा केल्या, त्या बेसिनमध्ये ठेवल्या, हात पुसले आणि टेबलाशी येऊन बसली. बशीखालचं कार्ड तिनं लेकीसमोर ठेवलं. त्यावर केकचा तेलकट डाग पडला होता.

"आता बोल," ती म्हणाली.

"आई, मला फक्त बघायचं होतं की ते हरल्यावर..."

"बाबांसारखे करतात का. होय ना?"

"हो."

"ते बघायचं होतं तर मला विचारायचंस. मी दोन वर्षं तेच बघतेय. तीन चष्मे उगाच केले का मी? पहिला त्यांच्याकडून चुकीच्या नंबरचा झाला होता. मी दुकानात सगळ्यांसमोर त्यांना सुनावलं. म्हटलं, बघू काय करतात. त्यांनी माफी मागितली आणि खुर्ची दिली बसायला." आईनं डबी पुढ्यात ओढली. "दुसऱ्या वेळी मी मुद्दाम खोटंच सांगितलं, की परत चुकलाय म्हणून."

निवडताईला नाइलाजानं हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. "तुला इतकं छान खेळता येतं, हे मला कधी कळलंच नाही. तू नेहमी हरायचीस."

"तीस वर्षं न चुकता हरायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? डोकं लागतं त्याला." आईनं टेबलावरून एक खडा उचलला आणि डबीत टाकला. "हरले की घर शांत राहायचं. तू झोपायचीस. मला त्याचं काही वाटत नाही, मी ठरवून केलं ते. पण आज जिंकताना मला फार मजा आली ग. इतकी मजा येते, हे मी विसरले होते."

 निवडताईनं मग जे होतं ते सांगून टाकलं. "फक्त बाबांचं कारण नव्हतं, आई. मला एकटं राहायची भीती वाटते. मी घरी येणार आणि घरात कुणीच नसणार. मला तू जायला नको होतीस. ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी तो खेळ आणला."

"माहितीये."

"मग चिडली नाहीस?"

"चिडले. पाचव्या फेरीत दिला तो खडा काय प्रेमानं दिला होता?"

 खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"चूक माझीही आहे," आई म्हणाली. "गुरुवारी मी तुला म्हटलं, तू नाही म्हणालीस तर विषय संपला. तुझ्या डोक्यावर केवढं ओझं टाकलं मी. माझं लग्न, आणि ठरवायचं तू. ते मी परत घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं हो नको आणि नाहीही नको. मी लग्न करणार आहे. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, अकरा वाजता, नोंदणी कार्यालयात. हे मी तुला विचारत नाहीये, सांगतेय."

निवडताईनं डोळे पुसले. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतकं दुखलं की तिनं टेबलाची कड घट्ट धरली. आता हे मोडायला तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"साक्षीदार लागतात," आई म्हणाली. "त्यांच्याकडून त्यांचा मुलगा आहे. माझ्याकडून तू येशील का?"

"हे विचारतेस की सांगतेस?"

"हे विचारतेय. इथं तुला नाही म्हणता येईल."

 आईनं घाई केली नाही, तुकडे रंगांप्रमाणे लावत बसली.

"येईन," निवडताई शेवटी म्हणाली. "पण तू मला रोज हवी आहेस, आई. रोज संध्याकाळी."

आईनं हातातला तुकडा खाली ठेवला आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"रोज नाही जमणार, बाळा," ती म्हणाली.